झाकण लावलेला लिफाफा

गेल्या दिवाळीनंतर मी सातवीला गणित शिकवलं, हे तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा तुम्ही दोघंही इतके हसलात की तुमचा फोन हलायला लागला. धाकटीने तर विचारलं, आजी, तुला नऊचा पाढा येतो का? येतो. एकोणिसाचाही येतो. पण तुमचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि गणिताच्या तासाला मी जे केलं ते ऐकण्यासारखं आहे. त्या दिवशी तुमची शाळेची बस यायची होती, म्हणून गोष्ट अर्धी राहिली. आता पहिल्यापासून, क्रमाने लिहिते.

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या गावात, फ्रीगंजमधल्या ज्या शाळेत मी रिटायर होईपर्यंत होते, तिथली आताची प्रिन्सिपल माझीच विद्यार्थिनी. गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि नवीन बाई रुजू व्हायला महिना लागणार होता. बाकी वर्ग कसेबसे वाटले गेले, सातवी उरली. तिने मला फोन करून सांगितलं की शिकवलं नाही तरी चालेल, मी नुसती खुर्चीवर बसले तरी वर्गात आवाज होणार नाही. हे तिने स्तुती म्हणून सांगितलं. तुमचे आजोबा शेजारीच होते. ते म्हणाले, "जा, जा. गणितातसुद्धा तू स्पेलिंगच तपासशील."

नुसतं बसणं मला जमत नाही. पहिले चार दिवस पुस्तकातले अपूर्णांक घेतले. पाचव्या दिवशी, मंगळवारी, वाटलं की मुलांना काहीतरी गंमत द्यावी. आम्ही लहानपणी दुपारच्या सुट्टीत जमिनीवर खडूने एक कोडं खेळायचो. लिफाफ्याचं चित्र काढायचं, हात न उचलता, आणि एकदा काढलेल्या रेघेवरून पुन्हा न जाता. मी फळ्यावर पट्टी लावून लिफाफा काढला. एक आयत, आत दोन तिरप्या रेघा, एकूण सहा रेघा. कोड्याचे दोन्ही नियम शेजारी लिहिले, त्यांना एक आणि दोन असे आकडे घातले, आणि सांगितलं की गुरुवारपर्यंत जो करून दाखवेल त्याला माझ्या हातच्या चिरोट्यांचा डबा.

चिरोट्यांमुळे वर्ग पेटला. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या खिडकीतून बघितलं तर सातवीची अर्धी मुलं मैदानात उकिडवी बसून काटक्यांनी लिफाफे काढत होती. वॉचमनसुद्धा वाकून बघत होता. छत्तीस वर्षांत इंग्रजीच्या कुठल्याही धड्याने मला इतकं कौतुक मिळवून दिलं नव्हतं, तेव्हा मी त्या दिवशी जरा फुगून घरी आले हे कबूल करते.

या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. दोन वेण्या, कमी बोलणं, आणि बोटांच्या टोकांना कायम कसला तरी रंग. कधी निळा, कधी वांगी. ती भैरवगढहून यायची, देवास गेटला रिक्षा बदलून. तिच्या घरी बाटिकचं काम चालतं. तुमच्या आईकडे ती मरून रंगाची चादर आहे ना, तसलं. कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची, मग कापड रंगात बुडवायचं. मेणाखाली रंग लागत नाही, म्हणून नक्षी पांढरी राहते. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिची नखं स्वच्छ नसतात.

बुधवारी ती तासानंतर टेबलाशी आली आणि म्हणाली, "मैडम, यह नहीं बनेगा।"

मी विचारलं, किती वेळा करून पाहिलं. ती म्हणाली, सात-आठ वेळा. मी म्हटलं, सात-आठ वेळा म्हणजे काहीच नाही. ती पुढे काहीतरी सांगत होती, "मैडम, इसमें चार हैं," असं. मी तिला तिथेच थांबवलं. किती रेघा आहेत, किती कोपरे आहेत ते मी विचारलेलं नाही, म्हटलं, चित्र पूर्ण करून आण. ती वही मिटून गेली.

गुरुवारी वर्गाच्या मॉनिटरने हात वर केला. हुशार, बोलका, पहिल्या बाकावरचा मुलगा. फळ्याशी आला, खडू टेकवला आणि इतक्या झपाट्याने हात फिरवला की लिफाफा तयार. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डबा त्याला दिला आणि त्याने मोठ्या मनाने तो सगळ्या वर्गात फिरवला.

प्रत्येकाला एक-एक चिरोटा मिळाला. ती मुलगी मात्र खाईना. तिने चिरोटा वहीच्या कागदावर काढून ठेवला आणि म्हणाली, नीचे वाली लाइन मोटी है. खालची रेघ जाड आहे, एवढंच. म्हणजे मॉनिटर त्या रेघेवरून दोनदा गेला, असं तिचं म्हणणं. मला राग आला. स्वतःला जमलं नाही की दुसऱ्याचं खोटं काढायचं, ही सवय मला वर्गात कधीच चालली नाही. मी तिची डायरी मागवली आणि लाल शाईने इंग्रजीत शेरा लिहिला, की ही मुलगी प्रयत्न करत नाही आणि लवकर हार मानते. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ मारली. आमच्या शाळेत नियम आहे की लाल शेरा मारला की त्याच दिवशी ऑफिसातून पालकांना फोन जातो आणि सोमवारी त्यांनी येऊन सही करायची. हा नियम मीच घातला होता, माझ्या नोकरीच्या काळात, आणि तो अजून पाळला जातो याचा मला आनंदच होता.

प्रिन्सिपलने नंतर सांगितलं की त्या मुलीच्या डायरीत सहावीपासून एकही लाल शेरा नव्हता. हा पहिला.

शुक्रवारी माझा तास नसायचा. सकाळी चहाच्या वेळी मी आजोबांना ही सगळी हकीकत सांगितली, जराशी फुशारकीनेच. त्यांनी पेपरच्या समासात लिफाफा काढायला घेतला. चहा निवला. त्यांनी दुसरा काढला. मग तिसरा. मग पेपरच्या जाहिरातीच्या पानावर जागा जास्त होती म्हणून ते पान उलगडलं. अर्ध्या तासाने त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "अगं, तो लिफाफा उघडा असायचा ना?"

मी म्हटलं, कसला उघडा?

त्यांनी आयताच्या डोक्यावर दोन रेघांचं त्रिकोणी झाकण काढलं, उघडलेल्या लिफाफ्याचं असतं तसं. मग खालच्या डाव्या कोपऱ्यात पेन टेकवलं आणि हात न उचलता, एकही रेघ न गिरवता, आठही रेघा काढून खालच्या उजव्या कोपऱ्यात आणून ठेवल्या. म्हणाले, "आम्ही सगळे असाच काढायचो. तूही असाच काढत असशील. पण तू जन्मात कधी लिफाफा उघडा ठेवलायस का? फळ्यावर काढतानासुद्धा झाकण लावून टाकलंस."

ते बरोबर होतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या हेडमिस्ट्रेस म्हणायच्या की उघडा लिफाफा म्हणजे बटणं न लावलेला सदरा. पत्र घातलं की झाकण चिकटव, पत्ता लिही, तिकीट सरळ लाव. हे माझ्या हातात इतकं भिनलंय की बालपणीचं कोडं आठवतानासुद्धा माझ्या हाताने आधी लिफाफा बंद केला. आणि बंद लिफाफा होत नाही. मी दिवसभर करून पाहिला. पन्नास वेळा तरी. स्वयंपाक उशिरा झाला. होत नाही.

थोरल्या, संध्याकाळी मी तुला मेसेज केला होता, आठवतं? तू उत्तर दिलंस की आजी, हे ग्राफ थिअरीतलं आहे, बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांचं गणित, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर किती रेघा मिळतात ते मोज. मी मोजलं. बंद लिफाफ्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर तीन रेघा. असे कोपरे किती? चार.

"मैडम, इसमें चार हैं." ती मुलगी बुधवारी हेच सांगत होती.

मला शुक्रवारी जेवण गेलं नाही. आजोबा म्हणाले की त्यात एवढं काय, उद्या उघडा लिफाफा दे, नवीन कोडं म्हणून. मुलं खूश होतील, जुनं विसरतील. प्रिन्सिपलला फोन केला तर तिनेही हेच सुचवलं, की मॅडम, तुमचा मान आहे, मुलांसमोर कशाला. मी तिला विचारलं की सोमवारी त्या मुलीचे वडील येणार आणि माझ्या शेऱ्याखाली सही करणार, त्याचं काय? ती म्हणाली, सही करतील आणि जातील. म्हणजे वडील घरी जाणार ते हे कळून, की आपली मुलगी प्रयत्न करत नाही. आणि ती मुलगी गणितात यापुढे कधी 'हे होणार नाही' असं म्हणायला तोंड उघडणार नाही. इंग्रजीच्या बाईने गणिताचं एवढं नुकसान करायला नको, असं मी ठरवलं.

शनिवारी फळ्यावर दोन लिफाफे काढले, एक बंद, एक उघडा. आणि म्हटलं, "मंगलवार को मैंने गलत चित्र दिया था। गलती मेरी थी।"

 मग मॉनिटर उभा राहिला. कान लाल. म्हणाला, "मैडम, वो लाइन थोड़ी-सी ही दोबारा चली थी।" सगळे हसले, तोही हसला, आणि त्याने गंभीरपणे विचारलं की चिरोटे परत करावे लागतील का. मी सांगितलं की खाल्लेलं परत घेण्याची पद्धत आमच्या घरी नाही.

मग मी त्या मुलीला फळ्याशी बोलावलं आणि बुधवारी जे अर्धं राहिलं ते पूर्ण सांग म्हटलं. ती आली. आधी फळ्याकडे तोंड करूनच बोलली, मग हळूहळू वळली. तिचं सांगणं मी माझ्या शब्दांत देते. तिच्या वडिलांची मेणाची कलम असते. मेण गरम, त्यामुळे हात उचलला आणि पुन्हा टेकवला की तिथे मेणाचा थेंब पडतो आणि कापडावर पांढरा डाग राहतो. म्हणून नक्षी काढताना हात कमीत कमी उचलायचा. वडिलांनी तिला शिकवलंय की जिथे तीन रेघा मिळतात तिथून सुरुवात कर, आणि तशाच दुसऱ्या जागी संपव. का, ते वडिलांनी सांगितलेलं नाही. ते तिने स्वतः शोधलं.

ती म्हणाली की कुठल्याही कोपऱ्यात आलात तर निघावंही लागतं. यायला एक रेघ, जायला एक रेघ. दोन रेघा असतील तर आला आणि गेला. चार असतील तर दोनदा आला, दोनदा गेला. पण तीन असतील, तर आला, गेला, आणि परत आला की "फँस गए।" बाहेर पडायला रेघच नाही. म्हणून तीनवाला कोपरा हा एक तर सुरुवातीचा, नाही तर शेवटचा. सुरुवात एकच असते, शेवट एकच असतो. मग असे कोपरे दोनच चालतील. बंद लिफाफ्यात चार आहेत. उघड्या लिफाफ्यात झाकणामुळे वरच्या दोन कोपऱ्यांना एकेक रेघ जास्त मिळाली, त्यांच्या चार झाल्या. खालचे दोन तीनवाले उरले. म्हणून तो होतो, पण खालूनच सुरू केला तर.

मी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी होते. मला पहिल्यांदाच वाटलं की गणितालासुद्धा व्याकरण असतं. मुलांनी मग तो तास सोडलाच नाही. कुणी चांदणी आणली, कुणी पतंग, एकाने आपल्या कॉलनीतल्या गल्ल्यांचा नकाशा काढला आणि सिद्ध केलं की कचऱ्याची गाडी त्यांच्या गल्लीत दोनदा गाणं वाजवत येते ते ड्रायव्हरचा दोष नसून तिठ्यांचा आहे. आधी कोपरे मोजायचे, मग पेन्सिल टेकवायची. पुढचे तीन आठवडे आम्ही हेच केलं आणि अपूर्णांक नवीन बाईंसाठी ठेवले.

तास संपल्यावर मी तिची डायरी मागितली. शेरा खोडायची माझी ही पहिलीच वेळ. पट्टी लावली आणि एकच सरळ रेघ मारली, कारण जे खोडलं ते वाचता आलं पाहिजे, नाही तर खोडण्याला अर्थ नाही. खाली लिहिलं की शिक्षिकेने दिलेलं कोडं सुटण्यासारखं नव्हतं, हे या मुलीने स्वतः शोधून काढलं. चूक शिक्षिकेची होती. सही केली, तारीख घातली. तिने वाचलं. मग तिने मी आणलेल्या दुसऱ्या डब्यातले दोन चिरोटे घेतले, आणि तिथेच उभी राहून खाल्ले.

फोन मात्र आधीच गेला होता, त्यामुळे सोमवारी तिचे वडील स्टाफरूममध्ये आले. पांढरा शर्ट, बाह्यांवर रंगाचे ठिपके, हात जोडलेले. एका दिवसाचं काम सोडून आले होते. मुलगी त्यांच्या मागे. त्यांनी डायरी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं की वर लिहून काटलंय ते काय आहे. मुलीने त्यांना फक्त खालचं वाचून दाखवलं होतं. वरचं नाही.

मला ते हिंदीत सांगावं लागलं. प्रयत्न करत नाही, लवकर हार मानते. त्यांनी ऐकलं, मान खाली घातली, मग मुलीकडे पाहिलं. म्हणाले, "मैडम, यह तो रात को भी कॉपी लेके बैठी थी। मैंने ही डाँट के सुलाया।" कॉपी म्हणजे इथे वही.

मी म्हटलं, म्हणूनच काटलं. आणि मी त्यांची माफी मागितली. ते इतके अवघडले की खुर्चीवरून उठलेच. नाही-नाही, आप बड़े हैं, असं काहीतरी पुटपुटले. मग खालच्या शेऱ्याखाली सही केली, अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर काढत. सही करणाऱ्या माणसाचा हात मी पाहत होते. रेघ कुठेही थरथरली नाही.

डायरी मिटताना त्यांनी विचारलं, "पर मैडम, सच में नहीं बनता?"

मी सांगितलं, नाही बनत. चार कोपरे, प्रत्येकावर तीन रेघा. मुलीनेही सांगितलं. त्यांनी दोघींचं आदराने ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की त्यांचा हात पंचवीस वर्षांचा आहे, एक बार देख लूँ? मी माझं पेन आणि एक कोरा कागद दिला. ते टेबलाशी बसले. पहिला लिफाफा पाच रेघांपर्यंत आला आणि अडकला. त्यांनी कागद पालथा केला.

मुलगी म्हणाली, "पापा, नहीं बनेगा।"

"तू रुक," ते म्हणाले, "ऊपर से शुरू करता हूँ।"

घंटा झाली. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वडिलांच्या वाकलेल्या डोक्याकडे, आणि हसू दाबत म्हणाली की मैडम, मेरा इंग्लिश का पीरियड है, मैं जाऊँ? मी म्हटलं, जा. ती पळत गेली. मी हजेरीपट उघडला. तिच्या वडिलांनी मान वर न करता हात पुढे केला आणि आणखी एक कागद मागितला. मी दिला.